टाकाऊतून टिकाऊ : मोजे मोजा!



या आठवड्याचं काम अगदी सोपं आहे. घरातले मोजे मोजा! हसू नका, खरंच मोजा. कपाटातले, दोरीवरचे, दप्तराच्या तळाशी गेलेले, बुटांत तसेच राहिलेले आणि पलंगाखाली महिनाभर दडून बसलेले, सगळे बाहेर काढा. आता त्यांच्या जोड्या लावा. काय झालं? दोन-तीन मोजे एकटेच उरले ना? त्यांचा जोडीदार कुठे गेला, हे जगातलं न सुटलेलं कोडं आहे. आणखी दोन-तीनांच्या टाचेला भोक पडलेलं असेल. एकाचं इलॅस्टिक सैल झालं असेल, आणि तो घातला की दहा पावलांत घसरून बुटात जात असेल.

असे मोजे दिसले की आई म्हणते, "टाकून दे ते!" आजी म्हणते, "थांब, टाकू नकोस. उपयोगी पडतील." आणि मग ते उपयोगी न पडता वर्षभर एका पिशवीत पडून राहतात. आज आपण त्या पिशवीचं तोंड उघडू या.

पण त्याआधी एक अट. 'टाकाऊतून टिकाऊ' म्हणजे काय, हे नीट समजून घ्या. एका जुन्या मोज्याचा ससा करायचा आणि त्यासाठी दुकानातून चकचकीत मणी, रंगीत लेस, डिंकाची महागडी बाटली आणि टिकल्यांची पाकिटं आणायची. ससा चार दिवस टीव्हीवर बसणार आणि पाचव्या दिवशी केरात जाणार. यात टाकाऊ मोजा वाचला का? नाही! उलट त्याच्याबरोबर चार नव्या वस्तू केरात गेल्या. म्हणून काहीही करायला घेण्याआधी स्वतःला दोन प्रश्न विचारा. पहिला : या वस्तूची घरात किंवा शाळेत खरोखर गरज आहे का? दुसरा : ती करण्यासाठी नवीन काही विकत आणावं लागतंय का? पहिल्याचं उत्तर 'हो' आणि दुसऱ्याचं 'नाही' असेल, तरच कात्री हातात घ्यायची. कबूल?

वेवजीचे पायमोजे

आता जरा नकाशा काढा. महाराष्ट्राच्या वायव्य टोकाला, अरबी समुद्राच्या बाजूला पालघर जिल्हा आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून तो वेगळा झाला. त्यातल्या तलासरी तालुक्यात अगदी कडेला वेवजी नावाचं गाव आहे. इतकं कडेला, की गावाची हद्द संपते तिथे आपलं राज्यही संपतं आणि पलीकडे गुजरातमधलं सोळसुंबा, उंबरगाव सुरू होतं. या भागात वारली आणि इतर आदिवासी समाजांची वस्ती मोठी आहे. घरं पाड्यापाड्यांवर विखुरलेली असतात.

मोज्यांच्या लेखात हे गाव कुठून आलं? सांगते. २०२३ मध्ये राज्य सरकारने एक निर्णय घेतला. सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या पहिली ते आठवीच्या मुलामुलींना गणवेशाबरोबर एक जोडी बूट आणि दोन जोडी पायमोजे मोफत द्यायचे. आता हिशेब करा. दोन जोड्या म्हणजे चार मोजे. वर्गात तीस मुलं धरली, तर एका वर्गाचे वर्षाला एकशेवीस मोजे! पालघरचा पाऊस म्हणजे काय, ते तिथल्या मुलांना विचारा. जूनमध्ये शाळा सुरू होते आणि त्याच सुमाराला वाटेवर चिखल सुरू होतो. मोजा सकाळी भिजतो, रात्री चुलीजवळच्या दोरीवर वाळतो, सकाळी पुन्हा पायात जातो. असा मोजा किती दिवस टिकणार?

आणि हो, ओला मोजा तसाच घालून ठेवू नका हं. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. खाज सुटते, कातडी सोलते. शाळेत पोचल्यावर ओले मोजे काढून ठेवायचे आणि पाय कोरडे करायचे.

तर प्रश्न असा : वर्ष संपल्यावर या मोज्यांचं काय करायचं? तुम्ही वेवजीत राहत असा, नाहीतर पुण्यात, नागपुरात किंवा पणजीत, प्रश्न तोच. पण वेवजीच्या परिसरात उत्तर शोधायला सोपं जाईल, कारण तिथे जुन्या मोज्याला खरीखुरी कामं आहेत. कोणती, ते पुढे बघूच.

आधी ओळख करून घ्या

कुठल्याही वस्तूचा नवा उपयोग शोधायचा, तर ती कशाची आणि कशी बनली आहे ते आधी कळायला हवं. एक छोटा प्रयोग करा. एका हातात रुमाल घ्या, दुसऱ्या हातात मोजा. दोन्ही ताणा. रुमाल जेमतेम ताणला जातो आणि मोजा चांगला दीडपट होतो. का बरं?

रुमालाचं कापड मागावर विणलेलं असतं. त्यात उभे धागे आणि आडवे धागे एकमेकांच्या वरून-खालून जातात. मोजा मात्र आजीच्या स्वेटरसारखा विणलेला असतो. धाग्याचा एक फासा, त्यात अडकवलेला दुसरा, त्यात तिसरा. ताणलं की फासे लांबट होतात, सोडलं की पुन्हा गोल होतात. असे फासे विणणारं यंत्र इंग्लंडमध्ये विल्यम ली नावाच्या माणसाने १५८९ मध्ये तयार केलं. त्याआधी मोजे हातानेच विणावे लागत.

दुसरी गोष्ट म्हणजे धागा. शाळेचे मोजे बहुतेक वेळा सुती धाग्यात नायलॉनसारखा कृत्रिम धागा मिसळून करतात. सुती धागा पाणी आणि घाम पितो, नायलॉन झिजत नाही. नायलॉनचा शोध अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीत वॉलेस कॅरोदर्स या रसायनशास्त्रज्ञाने १९३५ मध्ये लावला आणि १९४० मध्ये नायलॉनचे पायमोजे तिथे सगळीकडे विकायला आले. गंमत पुढेच आहे. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर नायलॉन लागू लागलं पॅराशूटला! अमेरिकेत बायकांकडून जुने रेशमी आणि नायलॉनचे मोजे गोळा करण्यात आले. त्यांच्यापासून तोफांच्या दारूच्या पिशव्यांचं कापड बनवलं जाई. बघा, जुन्या मोज्याला एकेकाळी केवढी मोठी नोकरी लागली होती!

आपल्याला तोफा नकोत. पण मोज्याचे गुण लिहून ठेवा. तो ताणतो. त्याचं एक टोक बंद असतं, म्हणजे ती आयती पिशवीच आहे. तो मऊ असतो, पाणी शोषतो आणि चिवट असतो. आता त्याला काम शोधणं सोपं झालं.

कामाला लागण्यापूर्वी

सगळे मोजे गरम पाण्यात साबण घालून धुवा आणि कडक उन्हात उलटे करून वाळवा. मग त्यांच्या तीन राशी करा.

पहिली रास : भोक लहान आहे, बाकी मोजा चांगला आहे. हे मोजे टाकाऊ नाहीतच! त्यांना रफू करा. मोज्यात एक नारळाची करवंटी किंवा टेनिसचा चेंडू घाला, म्हणजे भोकाखाली टणक आधार मिळेल. त्याच रंगाच्या दोऱ्याने भोकाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जवळजवळ उभे टाके घाला. मग आडवे टाके घालताना सुई एका धाग्यावरून, एका धाग्याखालून न्या. झाली छोटीशी जाळी! दोरा फार ओढू नका, नाहीतर तिथे गाठोडं होतं आणि बुटात टोचतं.

दुसरी रास : टाच गेली, पण वरची नळी चांगली आहे. तिसरी रास : सगळंच विरलं. दुसऱ्या राशीच्या वस्तू होतील, तिसरी त्यांच्यात भरायला लागेल. म्हणजे काहीच वाया जाणार नाही.

एक सूचना : मोजा कापला की कडेचे फासे सुटू लागतात. कापल्या कापल्या कडेवरून काजेटाका घाला किंवा कड आत दुमडून धावदोरा घाला.

१. चुंबळ

डोक्यावर हंडा घेताना खाली काय ठेवतात? चुंबळ! शहरातल्या कितीतरी मुलांनी ती पाहिलेलीही नसेल. पाड्यांवर विहिरीवरून किंवा हातपंपावरून पाणी आणणाऱ्या बायका आणि मुली जुन्या लुगड्याची गुंडाळी करून ती डोक्यावर ठेवतात. गुंडाळी सुटते, हंडा कलतो, मान दुखते. शिवलेली चुंबळ सुटत नाही.

साहित्य : लांब नळीचा एक मोजा, तिसऱ्या राशीतले तीन-चार मोजे, सुई-दोरा, कात्री.

कृती : तिसऱ्या राशीतल्या मोज्यांच्या बोटभर रुंद पट्ट्या कापा. त्या लांब मोज्यात ठासून भरा. भरताना मधूनमधून मोजा हाताने वळा, म्हणजे गुठळ्या होणार नाहीत. तोंडाशी चार बोटं जागा मोकळी सोडा. आता मोज्याचं बंद टोक वळवून त्याच्याच उघड्या तोंडात घाला. कडं तयार झालं. जोडावर गोल फिरून घट्ट टाके घाला. मोजा आखूड असेल तर दोन मोजे एकाला एक जोडा.

ज्यांच्या घरी नळ आहे, त्यांनाही चुंबळ हवीच. गोल बुडाचा माठ ओट्यावर डगमगतो ना? त्याच्याखाली ठेवा.

२. फळ्याचं डस्टर

एका मोज्यात दोन विरलेले मोजे घडी घालून सपाट भरा. तोंड शिवून टाका. मग वरून खालपर्यंत बोटभर अंतरावर धावदोऱ्याच्या चार-पाच ओळी घाला, अगदी गोधडीला घालतात तशा. एका कोपऱ्याला दोऱ्याचा फास लावा, म्हणजे खिळ्याला अडकवता येईल. मऊ कापड खडूची भुकटी चांगली धरतं. डस्टर झटकताना मात्र वर्गाबाहेर जा आणि वाऱ्याकडे पाठ करा. आठवड्याला धुवायला विसरू नका.

आणि नुसता मोजा हातात घातला, तर? सायकलच्या तारा, खिडकीचे गज, पंख्याची पाती हातमोज्यासारख्या त्या मोज्याने भराभर पुसता येतात. पंखा पुसताना बटण बंद, आणि स्टुलावर चढणार मोठं माणूस. बरं का!

३. गार पाण्याची बाटली

हा प्रयोग आहे. दोन सारख्या बाटल्या घ्या, दोन्हींत सारखंच पाणी भरा. एकीला सुती मोजा घाला आणि तो भिजवा. दोन्ही बाटल्या सावलीत, वाऱ्याच्या जागी ठेवा. मोजा वाळत आला की पुन्हा ओला करा. तासाभराने दोन्हींतलं पाणी पिऊन बघा.

मोज्याच्या बाटलीतलं पाणी गार लागेल. मोज्यातल्या पाण्याची वाफ होताना ती बाटलीची उष्णता घेऊन जाते. माठ याच कारणाने गार राहतो. सैनिकांच्या पाण्याच्या बाटल्यांना जाड लोकरीचं वेष्टन असे, तेही भिजवत असत.

हाच प्रयोग मे महिन्यात नागपूरच्या मुलांनी आणि वेवजीच्या मुलांनी केला, तर कोणाचं पाणी जास्त गार होईल? नागपूरचं. तिथली हवा कोरडी असते, पाणी लवकर उडून जातं. समुद्राजवळच्या दमट हवेत ते सावकाश उडतं. आणि जुलैत वेवजीत फारसा फरक जाणवणारच नाही. जुना मोजा विज्ञानही शिकवतो, पटलं ना?

४. कलमाला मऊ पट्टी

डहाणू-घोलवडचे चिकू तुम्ही खाल्ले असतील. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. चिकूचं असो की आंब्याचं, नवं कलम लावलं की वाऱ्याने वाकू नये म्हणून शेजारी काठी रोवतात आणि दोन्ही सुतळीने बांधतात. खोड जाड होऊ लागलं की तीच सुतळी त्यात रुतते. इथे मोजा हुशार ठरतो. त्याच्या नळीची आडवी कापलेली पट्टी ताणते, त्यामुळे खोडाला काच बसत नाही. पट्टी आधी काठीभोवती, मग खोडाभोवती, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरवा आणि गाठ काठीच्या बाजूला मारा. पावसाळ्यानंतर पट्टी घट्ट झाली आहे का, ते एकदा बघायचं. आधाराची गरज संपली की पट्टी काढून घ्यायची. तिच्यात कृत्रिम धागा असतो, तो मातीत कुजत नाही.

५. दोन भाषा बोलणारी बाहुली

मोज्यात हात घाला. चार बोटं वर, अंगठा खाली. झालं बाहुलीचं तोंड! शर्टाची दोन जुनी बटणं डोळ्यांच्या जागी घट्ट शिवा. सुटलेल्या दोऱ्यांचे केस लावा. बस्स, आणखी काही नको. (धाकटा भाऊ किंवा बहीण अगदी लहान असेल तर बटणाऐवजी कोळशाने डोळे काढा. बाळं बटण तोंडात घालतात.)

आता तिला कामाला लावू. वेवजीसारख्या गावात मूल घरी वारली बोली बोलतं, शाळेत मराठी आणि बाजारात गुजरातीही कानावर पडते. पहिलीत आलेलं मूल कधीकधी गप्प बसतं. त्याला येत नाही असं नाही, त्याला लाज वाटते. मग दोन बाहुल्या करा. एक बोलीत बोलणार, दुसरी तेच मराठीत सांगणार. बघा, बाहुलीच्या मागे लपून लाजरं मूलही बोलू लागतं. चूक झाली तर ती बाहुलीची! मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, कोकणी बोलणाऱ्या घरांतही हा खेळ करता येईल. शहरातल्या मुलांनी आजीकडून तिच्या गावचे दहा शब्द घ्या आणि बाहुलीला शिकवा.

६. उशाची पिशवी

आता सगळ्यात महत्त्वाची वस्तू. दिसायला सगळ्यात साधी, पण ती लक्ष देऊन करा.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू आणि तलासरी तालुक्यांत भूकंपाचे धक्के बसू लागले. धुंदलवाडी परिसराचं नाव तेव्हा रोज बातम्यांत येई. १ फेब्रुवारी २०१९ रोजी एकाच दिवसात अनेक धक्के बसले, त्यातला एक ४.१ तीव्रतेचा होता. घाबरून घराबाहेर पळताना पडून एका चिमुरडीचा जीव गेला. थंडीच्या दिवसांत कितीतरी कुटुंबं घराबाहेर, तंबूंत झोपली. त्यानंतरही धक्के येत राहिले. त्या भागातल्या मुलांना भूकंप म्हणजे काय, ते पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

धक्का कधी येणार हे कोणी सांगू शकत नाही. पण अंधारात धडपडायचं की नाही, हे आपल्या हातात असतं. त्यासाठी ही पिशवी.

साहित्य : चांगल्या नळीचा एक मोजा, अर्धा हात नाडी, घरात असलेली छोटी विजेरी, एक शिट्टी, कागद.

कृती : मोज्याच्या इलॅस्टिकच्या पट्टीत बारीक चीर पाडून नाडी ओवा. पायाच्या भागाला भोक असेल तर तिथून कापून शिवून टाका. आत विजेरी ठेवा. शिट्टी नाडीलाच बांधा. कागदावर आई-बाबांचा, एका नातेवाइकाचा आणि शेजाऱ्यांचा फोन नंबर लिहा. खाली ११२ आणि १०७७ हे आकडे लिहा. ११२ हा कुठल्याही संकटासाठी, १०७७ हा जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षासाठी. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आत ठेवा.

पिशवी झोपायच्या जागेजवळ, हात पोचेल अशी बांधा आणि तिची जागा बदलू नका. शेजारी चपला ठेवा, कारण अंधारात फुटकी कौलं आणि काचा पायात जातात. शिट्टी कशाला? ओरडून ओरडून घसा बसतो, शिट्टी दूरवर ऐकू जाते आणि दम लागत नाही. दर महिन्याच्या एक तारखेला विजेरी लावून बघा. मोबाइलच्या खेळासाठी जागायला चालतं, मग एवढं लक्षात ठेवायला काय हरकत आहे!

आणि धक्का बसत असताना? सैरावैरा पळायचं नाही. भक्कम टेबल असेल तर त्याखाली शिरून त्याचा पाय घट्ट धरायचा. नसेल तर खाली बसून डोकं आणि मान हातांनी झाकायची. कपाट, काच आणि माळ्यावरचं सामान यांच्यापासून दूर राहायचं. दाराच्या अगदी जवळ असाल तर बाहेर मोकळ्यावर जायचं. हलणं थांबलं की पिशवी घेऊन, रांगेने, शांतपणे बाहेर.

तुमच्या गावात भूकंप होत नसेल. पण वीज जाते, पूर येतो, रात्री कोणाला तरी बरं नसतं. ही पिशवी प्रत्येक घरात हवी.

हे मात्र करू नका

जुने मोजे चुलीत किंवा शेकोटीत टाकू नका. त्यातला नायलॉन वितळतो, थेंब अंगावर पडला तर कातडीला चिकटून भाजतो. धूरही वाईट असतो. मोज्याने गरम भांडी उचलू नका, कारण तेच. पिण्याचं पाणी मोज्याने गाळू नका. गुळगुळीत फरशीवर नुसत्या मोज्यांवर पळू नका.

आणि एक गोष्ट. फाटके मोजे 'गरिबांना द्या' असं म्हणून कोणाच्या हातात ठेवू नका. जे आपण पायात घालणार नाही, ते दुसऱ्याच्या पायात कसं चालेल? अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये 'गूंज' ही संस्था सुरू केली. शहरातले जुने कपडे ती गावांकडे पोचवते. पण गावकरी एकत्र येऊन आधी काहीतरी काम करतात, विहीर खोदतात, रस्ता दुरुस्त करतात आणि त्या कामाचा मोबदला म्हणून कपडे घेतात. म्हणजे घेणाऱ्याची मान खाली जात नाही. या कामासाठी अंशू गुप्ता यांना २०१५ मध्ये रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तुम्हाला मोजे द्यायचेच असतील तर धुतलेले, धड, जोडी लावलेले द्या.

ही शाळा जुनीच आहे

टाकाऊतून टिकाऊ ही काही आजची कल्पना नाही. डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात ती फार वर्षं राबते आहे. वारली माणसं वाळलेल्या दुधी भोपळ्याला बांबू जोडून तारपा बनवतात आणि त्याच्या सुरावर गोल धरून नाचतात. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्रं काढतात, आणि कुंचला म्हणजे टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी! डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे याच चित्रांमुळे जगभर पोचले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

याच तालुक्यात बोर्डीला १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी खेड्यातल्या लहान मुलांसाठी काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या आणि आदिवासी मुलांसाठी काम करत राहिल्या. मॉंटेसोरी पद्धतीची परदेशी साधनं फार महाग होती. मग मोजायला चिंचोके, रंग ओळखायला पानं-फुलं, आकारांसाठी शिंपले आणि खडे. सगळं आजूबाजूला पडलेलं! मुलं शाळेत येत नव्हती, म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. गुरं चारणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरवली. त्या दोघींचा पहिला प्रश्न हाच असे : मुलाला गरज कशाची आहे? वस्तू काय वापरायची, ते नंतर.

आपल्या दोन प्रश्नांतला पहिला प्रश्नही तोच आहे, नाही का?

आई-बाबांसाठी दोन शब्द

मुलाचे टाके वाकडे येतील. येऊ द्या. त्याच्या हातून सुई घेऊन तुम्ही शिवलंत, तर चुंबळ सुंदर होईल, पण ती मुलाची राहणार नाही. शाळेने 'टाकाऊतून टिकाऊ' करून आणायला सांगितलं की रात्री दहा वाजता स्टेशनरीच्या दुकानात धावू नका. मुलगा असो की मुलगी, दहाव्या वर्षी सुईत दोरा ओवता यावा आणि बटण लावता यावं. आणि केलेली वस्तू शोकेसमध्ये ठेवू नका, वापरा. तुमच्या मुलीने केलेल्या डस्टरने तुम्ही एकदा स्कूटर पुसलीत, की तिला बक्षीस मिळाल्यासारखं वाटेल.

या आठवड्याचा गृहपाठ

घरातले मोजे मोजा आणि तीन राशी करा. किती रफू झाले, किती कामाला लागले, किती उरले, ते वहीत लिहा. वरच्या सहांपैकी एक वस्तू करा. पण उशाची पिशवी सगळ्यांनीच करायची हं! सातवी वस्तू तुमची तुम्ही शोधा. आपले दोन प्रश्न तिला विचारा, आणि ती पास झाली तर चित्र काढून, चार ओळी लिहून आमच्याकडे पाठवा. निवडक कल्पना आपण याच पानावर छापू. नाव, इयत्ता आणि गाव लिहायला विसरू नका.

पुढच्या आठवड्यात मोडक्या छत्रीचा नंबर आहे. तोवर ती फेकू नका!

तुमची,
ताई